खंड्याची ओळख : एका यादीची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने निघालात, की चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव लागते. गाव पैठण तालुक्यातले. रस्त्याच्या कडेला कारखाने उभे राहिले असले, तरी आतल्या बाजूला शेते आहेत, विहिरी आहेत. आणि आणखी पुढे पैठणला गेलात तर नाथसागराचे अफाट पाणी पसरलेले दिसते. जिथे पाणी तिथे मासा, आणि जिथे मासा तिथे खंड्या, हे काही मी तुम्हांला नव्याने सांगायला नको.

समजा, अशा गावच्या शाळेतला एखादा मुलगा सकाळी धापा टाकीत गुरुजींपुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, आज आमच्या विहिरीवर निराळाच खंड्या बसला होता. आपला नेहमीचा नव्हे. याचं डोकं काळं होतं!” तर गुरुजींनी काय करावे?

दोन उत्तरे अगदी तोंडावर असतात. एक म्हणजे, “अरे, खंड्याच असेल तो. जा, वर्गात बस.” दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. चित्रांचे पुस्तक काढायचे, काळ्या डोक्याचा खंड्या शोधायचा, त्यावर बोट ठेवायचे आणि गावभर सांगत सुटायचे की आमच्या गावात दुर्मिळ पक्षी आला! पहिल्या उत्तराने मुलाचा डोळा मिटतो. दुसऱ्याने त्याला घाई शिकवली जाते. मग तिसरा मार्ग कोणता? तो सांगण्यासाठीच आज मी तुम्हांला खंड्यांच्या नावांचा थोडासा इतिहास सांगणार आहे. या इतिहासात मोठमोठ्या पंडितांच्या चुका आहेत, आणि एका मुलकी अधिकाऱ्याने नीटनेटकेपणाने केलेली एक यादीही आहे.

आधी आपल्या घरच्या मंडळींची ओळख करून घेऊ. मराठवाड्यातल्या गावात नेहमी भेटणारे खंड्ये तीन.

पहिला आपला नेहमीचा खंड्या. साळुंकीपेक्षा थोडा मोठा. डोके आणि पोट गडद तपकिरी, गळा व छाती पांढरी स्वच्छ, पाठ झगझगीत निळी आणि चोच लालभडक. हा नावाचा मासेमार, पण पाण्यावाचून त्याचे अडत नाही. टोळ, नाकतोडे, सरडे, बेडूक, काय मिळेल ते तो खातो. म्हणून तर तो विजेच्या तारेवर, बांधावरच्या बाभळीवर, पाण्यापासून कितीतरी दूर बसलेला दिसतो.

दुसरा छोटा खंड्या. चिमणीहून किंचित मोठा, आखूड शेपटीचा. वरून निळा, खालून नारिंगी. पाण्यावरून बाण सुटल्यासारखा सरळ जातो आणि आपण “अरे, काय गेलं?” म्हणेपर्यंत दिसेनासा होतो. याच्यात नरमादी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. नराची चोच सगळी काळी असते. मादीच्या चोचीचा खालचा भाग लालसर असतो.

तिसरा कवड्या खंड्या. याच्या अंगावर निळ्याचे नावही नाही. सगळा काळापांढरा, कवडीसारखा. हा पाण्यावर हवेतच एका जागी पंख फडफडवीत थांबतो आणि मासा दिसताच दगड टाकावा तसा खाली पडतो. नराच्या छातीवर काळे पट्टे दोन, मादीच्या छातीवर एकच आणि तोही मध्ये तुटलेला.

याखेरीज महाराष्ट्रात आणखी काही खंड्ये आहेत. दांडग्या लाल चोचीचा, कबुतराएवढा मोठा खंड्या झाडीच्या नद्यांवर असतो. कोकणातल्या रानात पावसाळ्यात येणारा इवलासा तिबोटी खंड्या आहे. त्याच्या पायाला बोटे तीनच, म्हणून तो तिबोटी. रायगड जिल्ह्याने त्याला आपला जिल्हा-पक्षी म्हणून मान दिला आहे. किनाऱ्यावरच्या खाड्यांत काळ्या टोपीचा खंड्या आहे. आणि दक्षिण कोकणातल्या व गोव्यातल्या खारफुटीत एक कंठवाला खंड्या आहे. आजच्या गोष्टीचा नायक हा शेवटचा.

पण त्याच्याकडे जाण्याआधी थोडे दूर जाऊन येऊ या.

प्राण्यांना आणि वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तो स्वीडन देशाचा लिनियस. त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. तीच प्राण्यांच्या नावांची सुरुवात असे जगभरचे शास्त्रज्ञ मानतात. एवढा मोठा पंडित! पण त्याच ग्रंथात आपल्या छोट्या खंड्याचे काय झाले पाहा. युरोपातला छोटा खंड्या त्याने खंड्यांच्या घरात बरोबर बसवला. परंतु त्याचा हासेलक्विस्ट नावाचा एक शिष्य इजिप्त, पॅलेस्टाइन या देशांत हिंडून आला होता. म्हणजे, परत आला नाहीच बिचारा; १७५२ साली तिकडेच स्मर्ना शहराजवळ वारला. त्याची टिपणे तेवढी गुरूच्या हाती आली. त्या टिपणांत इजिप्तमधल्या एका पक्ष्याचे वर्णन कावळ्याच्या जातीचा म्हणून केलेले होते. लिनियसने ते वाचले आणि त्या पक्ष्याला ‘अत्थिस’ असे नाव देऊन मैनांच्या घरात नेऊन बसवले. पुढे उलगडा झाला की तो ना कावळा, ना मैना. तो तर तोच आपला छोटा खंड्या! एकाच पक्ष्याची एकाच पुस्तकात दोन नावे, आणि त्यांतले एक मैनेच्या घरातले. पुढच्या लोकांनी त्याला मैनांमधून काढून स्वगृही आणले. पण ‘अत्थिस’ हे नाव नियमाप्रमाणे राहिले, ते आजतागायत चालू आहे.

दुसरी चूक याहून बोलकी आहे. तो दांडग्या चोचीचा मोठा खंड्या मी मघाशी सांगितला ना? त्याचे शास्त्रीय नाव ‘कापेन्सिस’. म्हणजे केपचा, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केप ऑफ गुड होपचा. लिनियसनेच १७६६ साली हे नाव दिले. आता गंमत अशी, की हा पक्षी आफ्रिकेत कुठेच नाही! तो भारतातला आणि पूर्वेकडच्या देशांतला. पक्षी मूळ कुठला याची नोंदच चुकीची होती. पुढे विद्वानांनी शोध घेऊन बंगालमधले चंद्रनगर हे त्याचे मूळ ठिकाण ठरवले. परंतु एकदा दिलेले नाव बदलता येत नाही. अडीचशे वर्षे झाली, हा भारतीय पक्षी आफ्रिकेचा पत्ता कपाळावर घेऊन हिंडतो आहे.

आणि आपला नेहमीचा, विहिरीवरचा खंड्या? त्याचे नाव ‘स्मर्नेन्सिस’, स्मर्ना शहराचा. तुर्कस्थानातले हे शहर आज इझमीर म्हणून ओळखले जाते. इथे मात्र चूक नाही. हा खंड्या तुर्कस्थानापासून थेट पूर्वेपर्यंत आढळतो आणि त्याचे पहिले छापील वर्णन स्मर्नाच्या पक्ष्यावरून झाले होते. चितेगावच्या विहिरीवर रोज ओरडणारा पक्षी स्मर्नाचे नाव लावतो, याचे कारण एवढेच, की तिथल्या पक्ष्याची हकीकत कागदावर आधी उतरली.

या तीन नावांतून एक गोष्ट लक्षात येते. पक्षी ओळखायचा तर त्याचा रंग जितका महत्त्वाचा, तितकेच तो कुठे दिसला, केव्हा दिसला आणि कोणी पाहिला हेही महत्त्वाचे असते. ठिकाण चुकले की ओळख चुकते, आणि ती चूक शेकडो वर्षे पुसली जात नाही.

आता आपल्या मुलुखात येऊ. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या पक्ष्यांच्या याद्या करणारे बहुतेक लोक इंग्रज सरकारचे नोकर होते. कोणी डॉक्टर, कोणी कलेक्टर, कोणी फौजेतला. यांतला एक थोर माणूस आपल्या अगदी शेजारी राहून गेला. टॉमस जर्डन त्याचे नाव. मद्रासच्या फौजेतला हा डॉक्टर काही काळ जालन्याच्या छावणीत होता. दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी १८३९-४०च्या सुमारास मद्रासच्या एका नियतकालिकातून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात जालन्याचे नाव येते. पुढे १८६२ ते १८६४ या काळात त्याचा भारतातल्या पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. म्हणजे पक्ष्यांच्या इतिहासात मराठवाड्याचे नाव काही आज येत नाही.

जर्डननंतरचा मोठा माणूस म्हणजे अ‍ॅलन ह्यूम. शिक्षकांना हे नाव इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असेल. १८८५ साली मुंबईला राष्ट्रीय सभेची स्थापना झाली, तीत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. पण हाच ह्यूम पक्ष्यांचाही वेडा होता, हे फारसे कोणी सांगत नाही. सिमल्याच्या आपल्या बंगल्यात त्याने हजारो पक्षी पेंढा भरून जपून ठेवले होते. १८७२ पासून तो पक्ष्यांसाठी एक स्वतंत्र नियतकालिक चालवीत होता. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतले अधिकारी आपापल्या जिल्ह्याच्या याद्या त्याच्याकडे पाठवीत आणि तो त्या छापी.

या ह्यूमवर एक मोठा आघात झाला. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून वर्षानुवर्षे जमवलेली त्याची हस्तलिखिते तो बाहेरगावी असताना एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. परत येऊन पाहतो तो कागद नाहीत! या धक्क्याने त्याचे मन या विषयावरून उडाले आणि १८८५ साली त्याने आपला सगळा संग्रह, सुमारे ८२,००० नमुने, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. जे कागदावर होते आणि छापले नव्हते, ते गेले. जे छापले होते, तेवढे उरले.

छापून उरलेल्या त्या पानांत, १८८० साली, एक यादी प्रसिद्ध झाली होती. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी. पाने जवळजवळ शंभर. लिहिणारा होता जॉर्ज विडाल, मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतला अधिकारी. रत्नागिरी जिल्ह्यात कामावर असताना त्याने ही यादी केली. दिवसा सारा-वसुलीचे, फिरतीचे काम. आणि त्या फिरतीतच खाडी, किनारा, डोंगर, रान यांतला पक्षी न् पक्षी टिपण्याचा नाद. कोणता पक्षी कुठे सापडला, बारमाही आहे की पाहुणा, नेहमीचा आहे की क्वचित दिसणारा, अशा गोष्टी तो लिहीत गेला.

या यादीत एक खंड्या होता, तो तिथे अपेक्षित नव्हता. कंठवाला खंड्या. वरून हिरवट निळा, खालून पांढराशुभ्र, मानेभोवती पांढऱ्या रंगाचा रुंद कंठा, आणि चोच लाल नव्हे तर काळपट. अंगाने साळुंकीएवढा. हा पक्षी समुद्रकाठचा, खारफुटीचा. बंगालची सुंदरबने, ओडिशाचा किनारा, अंदमान, आणि तिथून पुढे पूर्वेकडची बेटे हे त्याचे खरे राज्य. आणि तो सापडला कुठे, तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, अरबी समुद्राच्या काठी, रत्नागिरीच्या खाड्यांत! मधल्या सगळ्या मुलुखात त्याचा पत्ता नाही.

आता विचार करा. विडालच्या जागी एखादा उतावळा असता, तर त्याने काय केले असते? म्हणाला असता, “निळा-पांढरा खंड्या? आपला नेहमीचाच असेल.” पण विडालने तो वेगळा ओळखला आणि ठिकाणासह नोंदवला. तिकडे लंडनच्या म्युझियममध्ये रिचर्ड बाऊडलर शार्प नावाचा विद्वान काम करीत होता. जगातल्या सगळ्या खंड्यांवर या गृहस्थाने विशीतच एक सचित्र ग्रंथ लिहिला होता. १८६८ ते १८७१ या चार वर्षांत तो पुरा झाला. ह्यूमचा संग्रह बांधून नेण्यासाठी हाच शार्प १८८५ साली सिमल्याला येऊन गेला होता. खंड्या म्हटला की याच्याहून जाणता माणूस त्या वेळी मिळणे कठीण. त्याने या पश्चिम किनाऱ्यावरच्या पक्ष्याला पूर्वेकडच्या भाऊबंदांपेक्षा वेगळे ठरवले आणि १८९२ साली त्याला नाव दिले ‘विडाली’, विडालचा. आज शास्त्रज्ञ त्याला निराळी जात मानीत नाहीत. कंठवाल्या खंड्याची पश्चिम किनाऱ्यावरची उपजात मानतात. पण नाव टिकले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांवर पक्षी पाहणारे लोक आजही त्याला शोधीत जातात.

आता तुम्ही म्हणाल, “काय हो, तिथल्या कोळ्यांना का हा पक्षी ठाऊक नव्हता? पिढ्यान् पिढ्या खाडीत होडी घालणारी ती माणसं. नाव मात्र साहेबाचं!” अगदी बरोबर बोललात. जो माणूस रोज पहाटे खाडीत उतरतो, त्याच्या नजरेतून असा पक्षी सुटेल कसा? त्या माणसाने तो विडालच्या आधी पाहिला असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याचे पाहणे त्याच्याबरोबर गेले. विडालचे कागदावर राहिले. विडाल कोकणी माणसापेक्षा अधिक डोळस होता असे नव्हे. त्याच्या खिशात पेन्सिल होती आणि वही होती, एवढाच फरक. ही गोष्ट मनाला लागते, लागलीच पाहिजे. आणि एकदा लागली, की तिच्यावरचा उपायही आपल्या हाती आहे. आज पेन्सिल आणि वही कोणाच्या खिशात नाही?

असो. आपण त्या मुलाला गुरुजींपुढे उभा करून आलो आहोत. त्याच्याकडे परत जाऊ.

“काळं डोकं,” तो म्हणाला. काळ्या टोपीचा खंड्या खरोखरच आहे. तो एरवी समुद्रकाठी, खाड्यांत राहतो. पण कधीकधी मोठ्या नद्यांच्या वाटेने पुष्कळ आतपर्यंत येतो. तेव्हा गोदाकाठी तो मुळीच येणार नाही, असे म्हणता येत नाही. पण आपला नेहमीचा खंड्या सावलीत बसला, तर त्याचे तपकिरी डोकेही काळेच दिसते! निळ्या रंगाचा तर भरवसाच धरू नये. खंड्याच्या पिसात निळा रंग असा नसतोच. पिसाची रचनाच इतकी सूक्ष्म असते की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा परत फिरतो. आपल्या चंद्रशेखर रामन यांनी पक्ष्यांच्या पिसांतल्या या रंगाचा अभ्यास केला होता. नीलकंठाच्या पिसांवरचा त्यांचा निबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला. गळून पडलेले एखादे निळे पीस मिळाले, तर उजेडाच्या आड धरून पाहा. निळेपणा जातो, पीस मळकट तपकिरी दिसू लागते. उजेड बदलला की रंग बदलतो. म्हणून ढगाळ सकाळी एक पक्षी दिसतो, तोच दुपारच्या उन्हात दुसरा वाटतो.

तिसरी अडचण पिलांची. नेहमीच्या खंड्याचे नुकते उडू लागलेले पिलू आईबापांपेक्षा फिके असते, चोचही लाल नसून काळपट असते, आणि पांढऱ्या छातीवर बारीक काळसर रेघा असतात. असे पिलू पाहिले की माणूस हटकून फसतो आणि त्याला दुसराच पक्षी समजतो.

मग काळी टोपी आणि तपकिरी डोके यांत भेद करायचा कसा? एका प्रश्नाने. गुरुजींनी विचारावे, “बाळ, त्याच्या मानेभोवती मागच्या बाजूने पांढरा पट्टा होता का?” काळ्या टोपीच्या खंड्याला मानेभोवती पांढरी पट्टी असते, टोपी आणि पाठ यांना ती वेगळे करते. आपल्या नेहमीच्या खंड्याला ती नसते; त्याचा पांढरा रंग गळ्यावर आणि छातीवर थांबतो. दुसरा प्रश्न, “पोट कसं होतं?” नेहमीच्याचे पोट डोक्यासारखे गडद तपकिरी, काळ्या टोपीवाल्याचे फिकट, गंजासारखे तांबूस. तिसरा प्रश्न, “पाठ कशी होती?” नेहमीच्याची मोरपिशी झाक असलेली, दुसऱ्याची जांभळट, गडद निळी. चोच विचारून उपयोग नाही, दोघांचीही लालच.

आणि मुलगा म्हणाला, “मानेचं पाहिलं नाही गुरुजी,” तर? तर गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारावी. कारण ‘पाहिलं नाही’ हे उत्तर शंभर नंबरी सोन्यासारखे आहे. वहीत लिहावे: “डोके काळे दिसले. मान पाहिली नाही. उजेड कमी होता.” यावरून नाव ठरणार नाही, न ठरो. पुन्हा पाहता येईल. पण मुलाला खूश करण्यासाठी किंवा गावाचे नाव व्हावे म्हणून न पाहिलेला कंठा त्या पक्ष्याच्या गळ्यात घातला, तर आपण नवा ‘कापेन्सिस’ निर्माण केला असे समजा. आफ्रिकेचा पत्ता असलेला आणखी एक पक्षी!

तर शिक्षक मित्रांनो, शाळेत एक वही करा. महाग नको, साधी चालेल. तिच्यात प्रत्येक नोंदीला सहा गोष्टी असाव्यात. तारीख आणि वेळ. ठिकाण, आणि तेही नेमके. ‘चितेगाव’ एवढेच नव्हे, तर कोणता ओढा, कोणाच्या शेताजवळची विहीर. उजेड कसा होता आणि पाहणारा किती पावलांवर होता. आकार, पण इंचांत नव्हे, चिमणी, साळुंकी, कबुतर, कावळा यांच्या मानाने. रंग, एका क्रमाने: चोच, डोके, मान, गळा, पाठ, पोट, पाय. आणि शेवटी पक्षी करीत काय होता. बसला होता, हवेत थांबला होता, मासा धरला की नाकतोडा, ओरडला तर कसा. पाहणाऱ्याचे नाव खाली लिहावे. मुलाने पाहिले असेल तर मुलाचेच लिहावे, गुरुजींचे नव्हे. मोबाइलवर चित्र निघाले तर उत्तमच. पण चित्र आहे म्हणून वही टाकू नका. चित्रात उजेड फसवतो, आणि पक्षी काय करीत होता हे चित्र सांगत नाही.

तुमच्या पाठीशी जुने आधारही आहेत. औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या काळात, १९३१-३२ साली, सलीम अली यांनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तिचे वृत्तांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही संस्था १८८३ पासून काम करीत आहे. मराठीत तर मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश आहे. आपल्याला जे दिसले ते यांच्याशी ताडून पाहावे, जाणत्यांना विचारावे. मात्र आधी लिहावे, मग ताडावे. आधी पुस्तक उघडले, की पुस्तकातला पक्षी डोळ्यांत शिरतो आणि विहिरीवरचा बाहेर राहतो.

कोणी विचारील, “एवढा खटाटोप करून मिळायचं काय?” याचे उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झाले. जिथे गोदावरीचे पात्र, मळई आणि शेते होती, तिथे समुद्रासारखे पाणी आले. दूरदेशीचे पक्षी हिवाळ्यात उतरू लागले आणि १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पण धरणापूर्वी त्या काठांवर गावोगाव कोणकोणते खंड्ये होते, किती होते? ज्याची नोंद कोणी केली, तेवढेच आज सांगता येते. बाकीचे त्या वेळच्या गुराख्यांच्या आणि भोयांच्या डोळ्यांबरोबर गेले.

आणि बदल थांबलेला नाही. खंड्या झाडावर घरटे बांधीत नाही. तो मातीच्या उभ्या कडेत, नदीच्या दरडीत, विहिरीच्या कच्च्या भिंतीत हातभर लांब बीळ कोरतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. वाळू उपसता उपसता दरड ढासळली की त्याचे घर गेले. कच्ची विहीर सिमेंटच्या कड्यांनी बांधून काढली की त्याला जागा उरत नाही. शेतकऱ्याने विहीर पक्की करू नये, असे मी म्हणणार नाही. ते त्याचे पोट आहे. पण त्या विहिरीत दरसाल खंड्या होता आणि अमुक सालापासून दिसेनासा झाला, एवढे जरी शाळेच्या वहीत असले, तरी पुढच्या माणसाला काय घडले ते कळेल. मग एखादा बांध, ओढ्याची एखादी कड तशीच राखता येईल. न लिहिलेल्या गोष्टीचा तोटा कोणाला कळतच नाही. तिचा शोकही कोणी करीत नाही.

एक शेवटची सूचना. विडालच्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदूक घ्यायची, अशी रीत होती. खंड्याच्या निळ्या पिसांसाठीही पुष्कळ हत्या झाली. परदेशी बायकांच्या टोप्यांवर ती पिसे मिरवत. १९०२ साली सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खंड्याला मारणे, पकडणे, त्याची अंडी काढणे हा गुन्हा आहे. तेव्हा गलोल घरी ठेवा. बिळात काठी घालू नका. घरट्यासमोर उभे राहून चित्रे काढू नका. तुम्ही उभे असाल तोवर तोंडात मासा धरून आई समोरच्या फांदीवर ताटकळत बसते.

उद्या सकाळी विहिरीवर, ओढ्यावर, तळ्याकाठी जाल, तेव्हा तारेवर बसलेल्या त्या नेहमीच्या खंड्याकडेही एकदा नीट पाहा. चोच, डोके, मान, गळा, पाठ, पोट. त्याचीच नोंद वहीच्या पहिल्या पानावर करा. ज्याला नेहमीचा पक्षी नीट पाहता येतो, त्यालाच एखाद्या दिवशी निराळा आलेला कळतो. आणि तो आला, की त्या मुलाने धावत शाळेत यावे, आणि गुरुजींनी एवढेच विचारावे: “ये, बस. काय काय पाहिलंस ते सांग. मी लिहून घेतो.”